मराठवाड्यात डिझेल गाडी परवडते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिझेल गाडीबद्दल लातूर, नांदेड, बीड, जालन्याकडून येणारे बहुतेक प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतात: "ॲव्हरेज चांगलं आहे ना, मग घेऊ का?" ॲव्हरेज ही हिशोबातली एक ओळ झाली. गाडी एका दमात किती अंतर धावणार आणि तिच्याकडे वेळेवर लक्ष कोण देणार, या दोन गोष्टींवर डिझेलचा खर्चही ठरतो आणि भरवसाही. खाली आधी साधे प्रश्न घेतलेत, अडचणीचे पुढे आहेत. इंधनाचे दर उदाहरणापुरते धरलेत, तुमच्या पंपावरचा दर घालून हिशोब पुन्हा करा.

१. डिझेल गाडी आता घ्यावी का, की तिचे दिवस गेले?

दिवस गेले नाहीत, पण निवड कमी झाली. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ (गाडीच्या धुरावरचे कडक निकष) लागू झालं तेव्हा मारुतीने डिझेल इंजिन सोडलं. फोक्सवॅगन आणि स्कोडानेही छोटी डिझेल इंजिनं बंद केली. धूर स्वच्छ करण्याची यंत्रणा छोट्या गाडीत बसवली की तिची किंमत गिऱ्हाइकाला झेपत नव्हती. त्यामुळे स्विफ्ट डिझेलसारखी छोटी, काटक गाडी नवीकोरी मिळण्याचा काळ संपला. आता डिझेल दिसतं ते मुख्यतः एसयूव्हीत आणि मोठ्या कुटुंबाच्या गाड्यांत: बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोवा क्रिस्टा, क्रेटा, सेल्टोस, सोनेट, नेक्सॉन, हॅरियर, सफारी.

मराठवाड्यात डिझेलला अजून मागणी आहे, आणि ती उगाच नाही. नांदेड-हिंगोलीच्या माणसाला खंडपीठातल्या तारखेसाठी छत्रपती संभाजीनगर गाठायचं तर दिवसभराची रपेट होते. लग्नसराईत आठ माणसं आणि आहेराच्या पिशव्या घेऊन तुळजापूर-परळी करायचं, बालाघाटातले चढ चढायचे, तर कमी आरपीएमवर (इंजिनाच्या कमी फेऱ्यांत) मिळणारी ताकद लागते. हे काम डिझेल इंजिन न धापता करतं.

२. महिन्याला किती फिरणं असलं तर डिझेल परवडते?

माझ्या मते महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या आत असाल, तर निव्वळ पैशासाठी डिझेल घेऊ नका. दोन हजारांच्या पुढे असाल तर जरूर विचार करा. हिशोब असा.

एकाच गाडीचं पेट्रोल आणि डिझेल मॉडेल घ्या. ऑन-रोड फरक १,७५,००० रुपये धरू. पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज १५, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. डिझेल ९२ रुपये आणि ॲव्हरेज १९, म्हणजे साधारण ४ रुपये ८५ पैसे. फरक सव्वादोन रुपयांच्या आत-बाहेर. डिझेलच्या जादा देखभालीचे किलोमीटरमागे ३० पैसे वजा केले की हातात १ रुपया ८५ पैसे उरतात. पावणेदोन लाखांना या १.८५ ने भागलं की सुमारे ९५ हजार किलोमीटर येतात. म्हणजे ९५ हजार किलोमीटर झाल्यावर डिझेलवाला पेट्रोलवाल्याच्या बरोबरीला येतो. खरी बचत त्यानंतर.

महिन्याला १,००० किलोमीटर फिरणाऱ्याला तिथे पोचायला जवळजवळ आठ वर्षं लागतात, २,००० वाल्याला चार, ३,००० वाल्याला अडीच-पावणेतीन. विकताना डिझेलचे ५० हजार जास्त आले, तर बरोबरीचा आकडा साडेसदुसष्ट हजारांपर्यंत खाली येतो. पण गाडी कर्जावर असेल तर त्या पावणेदोन लाखांवरही व्याज चालू असतं. शोरूममधल्या हिशोबात ते सहसा धरलेलं नसतं. तुम्ही धरा.

परभणीकरांनी हा हिशोब स्वतःच्या दराने आवर्जून करावा. तिथे इंधन मनमाडच्या डेपोतून लांबून येतं. वाहतुकीचा खर्च चढत असल्याने परभणीचा दर राज्यातल्या सर्वांत महाग दरांमध्ये असतो.

३. मी रोज लातूरहून औशाला जायलोय. जाऊन-येऊन ४० किलोमीटर. मला डिझेल चालेल का?

इंजिनाच्या दृष्टीने चालेल. एका बाजूचे २० किलोमीटर मोकळ्या रस्त्याने गेलात तर इंजिन पूर्ण तापतं आणि धुराच्या यंत्रणेला साफ व्हायला वेळ मिळतो. पैशाच्या दृष्टीने मात्र महिन्याचे हजार-अकराशे किलोमीटरच होतात, म्हणजे तुम्ही प्रश्न २ मधल्या आठ वर्षांच्या रांगेत आहात. गाडी दहा-बारा वर्षं ठेवणार असाल तरच घ्या.

लातुरातच राहून मुलीला क्लासला सोडणं, गंजगोलाईत बाजार करणं आणि आठवड्यातून एकदा भावाच्या घरी जाणं एवढंच असेल, तर बीएस-६ डिझेल घेऊ नका. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी ही गाडी आजारी पडते. कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

४. डिझेल गाडी महाग का पडते? जास्तीचे पैसे नेमके कशाला जातात?

मुख्य वाटा इंजिनाचा. उच्च दाबाचा पंप, कॉमन रेल इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग), टर्बो (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) आणि सायलेन्सरमधली शुद्धीकरणाची सगळी साखळी यांत पैसे जातात.

त्यावर कर येतो. महाराष्ट्रात खासगी मालकाच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के आहे, डिझेलला १३, १४ किंवा १५ टक्के. मूळ किंमत आधीच जास्त, त्यावर दोन टक्के आणखी. गाडी संस्थेच्या किंवा कंपनीच्या नावावर घेतली तर हा कर २० टक्क्यांवर जातो, म्हणून "फर्मच्या नावाने घेऊ" म्हणण्याआधी सीएला विचारा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही बदलला. चार मीटरच्या आतली आणि १,५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत बसते, त्याहून मोठीला ४० टक्के. सोनेट-नेक्सॉन आणि क्रेटा-सेल्टोस यांच्यातली दरी त्यामुळेच रुंद दिसते.

विम्यात डिझेल म्हणून वेगळा दंड नाही. थर्ड पार्टी हप्ता सीसीवर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि १,५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये, करांव्यतिरिक्त. त्यामुळे दीड लिटरचं इंजिन आणि दोन-सव्वादोन लिटरचं इंजिन यांत दरवर्षी फरक पडतो.

५. सर्व्हिसिंग फार महाग असतं का?

नेहमीचं सर्व्हिसिंग थोडंच महाग असतं. ऑइल जास्त लागतं आणि डिझेल फिल्टर ठरावीक अंतराने बदलावा लागतो. खिसा रिकामा होतो तो मोठ्या कामांत. एका नव्या इंजेक्टरची किंमत पाच आकडी जाऊ शकते, आणि असे चार असतात. टर्बो, उच्च दाबाचा पंप, काही गाड्यांमधलं ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लच यांच्यातलं धक्के शोषणारं जड चाक) हीसुद्धा मोठी बिलं आहेत. यातलं बरंचसं आपल्या हातात असतं: पंप भरवशाचा ठेवा, फिल्टर वेळेवर बदला, ऑइल कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचं घाला. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असलेल्या इंजिनाला कमी राखेचं ऑइल लागतं. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधलं उरलेलं ऑइल त्यात ओतू नका.

६. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागायलाय. गॅरेजवाला म्हणतो मोठं काम आहे. खरंच का?

बहुतेक वेळा नसतं, पण लगेच हालचाल करावी लागते. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरमधली काजळी अडवणारी गाळणी. ती भरत आली की गाडीचा संगणक जास्तीचं डिझेल सोडून तिथलं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. त्यासाठी इंजिन तापलेलं असावं लागतं आणि गाडी काही वेळ सलग चालावी लागते. दर खेपेला ही प्रक्रिया अर्धवट राहून तुम्ही गाडी बंद केलीत की गाळणी साचत जाते आणि दिवा लागतो.

फक्त डीपीएफचा दिवा असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर या. ताशी ६० च्या वर, एक गिअर खाली ठेवून, वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. जालना-संभाजीनगर रस्ता, धुळे-सोलापूर महामार्ग, समृद्धी, जो जवळ असेल तो. अनेकदा दिवा तेवढ्यानेच विझतो. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, ती आधी वाचा. सोबत इंजिनाचाही दिवा लागला, गाडीची ओढ गेली किंवा दिवा लुकलुकू लागला, तर मात्र रपेट मारू नका. सर्व्हिस सेंटरला नेऊन मशीनवर जबरीने साफ करून घ्या. तिथेही साफ झाली नाही तरच बदलण्याचा विषय निघतो.

आणखी एक गोष्ट पाहत जा. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक साफसफाईत थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढून पाहा. पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर ऑइल पातळ झालंय. किलोमीटर भरायची वाट न पाहता ते बदला. पातळ ऑइलवर चालवलेल्या गाडीचा टर्बो आधी जातो आणि दोष मॉडेलला दिला जातो.

७. मग डीपीएफ काढूनच टाकला तर? आमच्याकडे करून देतात म्हणे.

करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही. मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी हातची जाते. पीयूसीत बीएस-६ डिझेलची धुराची मर्यादा ०.७ आहे, बीएस-४ ची १.६२ होती. गाळणी काढलेली गाडी त्यात प्रामाणिकपणे पास होणं अवघड. आणि तो धूर शेवटी आपल्याच गल्लीतली पोरं श्वासातून घेतात. तुमच्या वापरात डीपीएफ टिकत नसेल तर ती गाडी तुमच्या वापराची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

८. नव्या गाडीत युरिया टाकावा लागतो म्हणे. शेताचा युरिया पाण्यात कालवून चालेल का?

अजिबात नाही. हा प्रश्न मराठवाड्यातून इतक्यांदा येतो की कळकळीने सांगतो. २०२३ नंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. तिच्यात डीईएफ भरतात. ते ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि खनिजविरहित पाण्याचं द्रावण असतं. शेतीच्या गोणीतला युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप दिलेला येतो, त्यात इतरही अशुद्धी असतात. तो कालवून टाकला की फवारणीचं नोझल आणि पुढचा उत्प्रेरक (सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग) दोन्ही खराब होतात. गोणीतली बचत दुरुस्तीत कैक पटींनी जाते.

डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका. गाडी ओढून न्या. आणि डीईएफची टाकी रिकामी होऊ देऊ नका. सूचना देऊन झाल्यावर गाडी एकदा बंद केली की पुन्हा सुरूच होत नाही.

९. आमच्याकडचा उन्हाळा आणि धूळ डिझेल इंजिनाला सोसते का?

सोसते, पण शोरूमचं वेळापत्रक इथे पुरत नाही. काळ्या मातीच्या शेतरस्त्याची धूळ पिठासारखी बारीक असते. एअर फिल्टर सांगितलेल्या अंतराच्या आधीच उघडून बघा. टर्बो मिनिटाला लाखभर फेरे घेतो. फाटक्या फिल्टरमधून आत गेलेली धूळ त्याची पाती झिजवते.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीही टाकू नका. ते इतकं जड असतं की आतल्या नळ्यांत क्षार धरतो, आणि पारा ४२-४३ वर गेला की इंजिन तापायला लागतं. तयार मिसळलेलं कूलंट वापरा. लांबून ताशी १०० ने आल्यावर मिनिटभर इंजिन रिकामं चालू ठेवून मग बंद करा, म्हणजे टर्बोतलं ऑइल जळत नाही. उसाच्या फडाशेजारी गाडी लावत असाल तर उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, हे बॉनेट उघडून पाहत जा.

१०. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये ठेवलेलं डिझेल कारमध्ये टाकलं तर?

डिझेल एकच, ड्रम वेगळा. ड्रमच्या तळाला पाणी, गंज आणि धूळ बसते. जुना ट्रॅक्टर ते पचवतो. कॉमन रेल इंजेक्टरची छिद्रं अतिशय बारीक असतात, त्यांना ते पचत नाही. अडलं-नडलं तर वरचं डिझेल बारीक जाळीतून गाळून, जवळच्या पंपापर्यंत पोचण्यापुरतंच घाला. महामार्गाकडेला "बायोडिझेल" म्हणून स्वस्तात विकलं जाणारं इंधन तर अडलं-नडलं तरी नको.

११. जुनी इनोवा, स्विफ्ट डिझेल किंवा बोलेरो घ्यायचीय. काय बघावं?

पहिलं पाहा ते इंजिन कोणतं आहे. स्विफ्ट, डिझायर आणि जुन्या अर्टिगात फियाटचं १.३ लिटरचं इंजिन आहे. टाटाच्या काही व्हिस्टांतही तेच. गावोगावच्या मेकॅनिकचा त्यावर हात बसलाय आणि सुटे भाग मिळतात. इनोवाचं जुनं २.५ लिटर इंजिन टिकाऊ म्हणून नावाजलेलं आहे, आणि त्याच नावावर थकलेल्या गाड्याही चढ्या भावाने विकल्या जातात. बोलेरो साधी, दणकट, पण आरामाची अपेक्षा ठेवू नका.

गाडी सकाळी, इंजिन गार असताना बघायला जा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. सुरू होताना वेळ घेते का, धुराचा रंग काय, हे पाहा. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापूनही राहिला तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटवर शंका घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा. आतून जोराचे फुत्कार येत असतील तर पिस्टन रिंग झिजलेल्या असू शकतात. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिन नुसतं ओरडलं आणि वेग वाढला नाही, तर क्लच संपलाय.

मीटरवर विश्वास ठेवू नका. २०१४ ची डिझेल गाडी आणि मीटर ६० हजार? डिझेल माणूस घेतोच फिरण्यासाठी. सीटची कड, स्टिअरिंगची झीज, पेडलचं रबर आणि सर्व्हिसची नोंद जुळते का बघा. आधी पिवळी पाटी होती का, कर्जाचा बोजा उतरलाय का, चलनं थकलीत का, हे परिवहनच्या पोर्टलवर तपासा. व्यवहाराआधी हजार-दोन हजार देऊन तिसऱ्याच मेकॅनिककडून गाडी स्कॅन करून घ्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा मेकॅनिक नको.

१२. टायमिंग बेल्टचं काय ऐकतोय?

काही इंजिनांत चेन असते, काहींत रबरी बेल्ट. बेल्ट धावताना तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, इंजिन खोलावं लागतं. वर सांगितलेल्या १.३ लिटर इंजिनात चेन आहे. जुन्या इनोवाच्या २.५ लिटरमध्ये बेल्ट आहे, क्रिस्टाच्या २.४ मध्ये चेन. डस्टरच्या १.५ मध्ये आणि हॅरियर-कंपासच्या दोन लिटरमध्ये बेल्ट. जुनी बेल्टवाली गाडी घेताना बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं समजून तेवढी रक्कम किमतीतून वजा करा.

१३. दिल्लीच्या डिझेल गाड्या स्वस्तात मिळायल्यात. घ्याव्यात का?

स्वस्त का आहेत हे लक्षात घ्या. दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. म्हणून त्या बाहेर विकल्या जाऊ लागल्या. घ्यायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथे भरावा लागणारा वयानुसारचा रोड टॅक्स, एजंट आणि आणण्याचा खर्च धरा. बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते. पाटी बदलल्याशिवाय "चालतंय की" म्हणून वर्षानुवर्षं फिरवणं हे अपघाताच्या दाव्यात अंगाशी येतं. गाडी कशी तपासायची ते प्रश्न ११ मध्ये.

१४. आपल्याकडेही दहा वर्षांनी डिझेल बंद होणार का?

तसा नियम महाराष्ट्रात नाही. इथे नोंदणी १५ वर्षांची असते. मग तपासणी, शुल्क आणि हरित कर भरून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मे २०२३ मध्ये केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाने नेमलेल्या समितीने, दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेल चारचाकी बंद करावी, अशी शिफारस केली होती. तिचं नियमात रूपांतर झालेलं नाही. संभाजीनगर २०११ च्या जनगणनेतच दहा लाखांवर गेलंय, म्हणून शहरात राहणाऱ्यांनी हा विषय नजरेआड करू नये. मी आज नवी डिझेल घेणाऱ्याला सांगेन: सात-आठ वर्षांत पैसे वसूल होत असतील तर घ्या. पंधराव्या वर्षीच्या विक्रीवर हिशोब मांडू नका.

१५. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. त्यापेक्षा डिझेल बरं ना? आणि सीएनजी?

लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा कमी ऊर्जा असते, त्यामुळे पेट्रोलचं ॲव्हरेज थोडं घटतं. ई-२० साठी बनवलेल्या गाडीत ही घट इतकी नाही की कमी फिरणाऱ्याने त्यापायी डिझेल घ्यावं. सीएनजीचा किलोमीटरमागे खर्च चांगला आणि रोड टॅक्सही पेट्रोलहून कमी. फक्त रोजच्या वाटेवर पंप आहे का आणि तिथे किती वेळ थांबावं लागतं, हे आधी स्वतः जाऊन बघा.

१६. मुलगा पुण्यात, गाडी गावी. दोन-तीन महिने उभीच असते. डिझेल ठेवावी का?

ठेवायची तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत ओल धरून पाणी साचतं. नुसती सुरू करून पाच मिनिटांत बंद करणं हा उपाय नव्हे, त्याने काजळीच वाढते. पंधरा दिवसांतून एकदा कुणीतरी वीस-तीस किलोमीटर फिरवून आणावी. तसं माणूस नसेल तर विकून टाका.

१७. माझं महिन्याला हजारच किलोमीटर होतं, पण ते दोनच खेपांत, पाचशे-पाचशे. मग?

पैशाने तुम्ही प्रश्न २ मध्ये नापास होता, वापराने मात्र डिझेलला तुमच्यासारखा मालक हवा असतो. लांब, सलग, भरल्या गाडीने. डीपीएफ तुम्हाला फारसा त्रास देणार नाही. अशा वेळी मी नवी गाडी सुचवत नाही. चार-पाच वर्षं जुनी, एकाच मालकाची, नोंदी असलेली डिझेल बघा. पहिल्या मालकाने घसारा सोसलेला असतो आणि पेट्रोल-डिझेलच्या किमतीतला फरकही कमी झालेला असतो. त्यामुळे ९५ हजार किलोमीटरची अट बरीच खाली येते. मधल्या दिवसांत गाडी उभी राहील, त्यासाठी प्रश्न १६ मधली काळजी घ्या.